आठ-नऊ लाखांची जर्मन गाडी घेताय, पण आत इंजिन कोणतं आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यात गोत्रीला राहणारे आणि मकरपुऱ्यात नोकरी करणारे एक गृहस्थ पहिल्यांदाच जुनी लक्झरी गाडी घ्यायला निघालेत. दोन गाड्या पाहून झाल्यात. एक २०१२ ची बीएमडब्ल्यू ५२०डी, मीटरवर ९२ हजार किलोमीटर, दलाल पावणेनऊ लाख सांगतोय. दुसरी २०११ ची मर्सिडीज ई२५० सीडीआय, १ लाख ३० हजार चाललेली, साडेसात लाख. काका म्हणतात, मर्सिडीजचं इंजिन मरत नाही, डोळे मिटून घे. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, दोन्ही सोडा. त्यांना तीन गोष्टी हव्यात: इंजिन टिकेल का, वर्षाला किती लागतील, आणि काम शोरूमला द्यायचं की बाहेर.

आधी सरळ सांगतो. या दोघींत मी मर्सिडीज घेईन, पण काका म्हणतात त्या कारणासाठी नाही, आणि इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) तपासल्याशिवाय तर नाहीच.

काकांच्या डोळ्यासमोर डब्ल्यू१२४, म्हणजे जुनी ई-क्लास असणार. मर्सिडीजने १९९५ मध्ये पुण्यात ती जोडायला सुरुवात केली आणि तिच्या डिझेल इंजिनांनी खरंच लोकांना वेड लावलं. लोखंडी ब्लॉक, जुन्या पद्धतीचा पंप, नोझलचं प्रेशर सव्वाशे बारच्या आसपास. डिझेलमध्ये थोडी घाण असली तरी इंजिन धूर काढत का होईना, घरी पोचवायचं. आजच्या कॉमन रेल डिझेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून उच्च दाबाने डिझेल मिळतं) तेच प्रेशर १६०० ते २००० बार आहे. इंजेक्टरच्या आतल्या भागांमधली जागा मायक्रॉनमध्ये मोजतात. टाकीतलं पाणी, भेसळ, सर्व्हिसला तसाच ठेवलेला डिझेल फिल्टर, यातलं काहीच ते पोटात घालत नाही. क्रँक, पिस्टन, सिलिंडर आजही दणकट आहेत, अडीच-तीन लाख किलोमीटर सहज जातात. इंजिन मरतं ते भोवतालच्या प्लास्टिक, रबर आणि दोनशे-पाचशे रुपयांच्या सीलमुळे, आणि त्यांच्यापर्यंत पोचायला जे उघडावं लागतं त्याचं बिल लाखात होतं.

म्हणून माझ्याकडे कोणी जुनी गाडी दाखवायला आणली की मी मॉडेलआधी इंजिनाचा कोड बघतो. त्याच बॉनेटखाली दोन वर्षांच्या फरकाने वेगळं इंजिन असतं आणि खर्चाचं सगळं गणित तिथेच फिरतं.

तुमच्या ५२०डी मध्ये एन४७ आहे. दोन लिटर, चार सिलिंडर, ओढ छान, हायवेला ॲव्हरेज सुंदर. याची टायमिंग चेन (पिस्टन आणि वाल्व यांची वेळ जुळवून ठेवणारी साखळी) मात्र पुढे नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. क्रँकवरून हायप्रेशर पंपाकडे एक चेन, पंपावरून कॅमशाफ्टकडे (वाल्व उघडणारा दांडा) दुसरी, ऑईल पंपाची आणखी वेगळी. चेनला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे गाईड प्लास्टिकचे आहेत. ते झिजले की चेन सैल पडते, कव्हरला घासायला लागते, आणि प्लास्टिकचे तुकडे खाली ऑईल चेंबरमध्ये जाऊन जाळीत अडकतात. चेन, गाईड, टेन्शनर, स्प्रॉकेट मिळून सामान चाळीस-साठ हजारांत येतं. पण हात पोचण्यासाठी गिअरबॉक्स सोडवावा लागतो, बहुतेक कारीगर तर अख्खं इंजिनच खाली उतरवतात. त्यामुळे बाहेरच्या चांगल्या गॅरेजातही हे काम दीड लाखाच्या आसपास पडतं. आणि चालत्या गाडीत चेन तुटली तर वाल्व पिस्टनवर आपटतात, रॉकर तुटतात, हेड जातं. मग तीन-चार लाखांची तयारी ठेवावी लागते किंवा सेकंड हँड इंजिन शोधत फिरावं लागतं.

हा त्रास सगळ्यात जास्त २००७ ते २०११ च्या सुरुवातीपर्यंतच्या एन४७ मध्ये दिसला, नंतर कंपनीने सुधारणा केल्या. दलाल तुम्हाला हेच ऐकवेल की २०१२ ची आहे, काळजी नको. मी एवढ्यावर विश्वास ठेवत नाही, कारण दुसरं कारण ऑईल आहे. चेनचा टेन्शनर, म्हणजे तिला ताणून धरणारा भाग, ऑईलच्या दाबावर चालतो. या गाड्यांचा संगणक बऱ्याच मॉडेलांत २५ हजार किलोमीटरपर्यंत ऑईल बदलायला सांगत नाही. युरोपात लांब पल्ल्याला चालणाऱ्या गाडीचा तो हिशेब असेल. गोत्री ते मकरपुरा रोज सिग्नलला घुटमळणाऱ्या डिझेलचं ऑईल तोवर काजळीने डांबरासारखं होतं. म्हणून सर्व्हिस बुकात शिक्के किती ते बघू नका, ऑईल किती वेळा बदललं ते मोजा. ९२ हजारांत चार वेळा बदललं असेल तर ती गाडी स्वस्त देत असले तरी महाग आहे. नऊ-दहा वेळा बदललं असेल, बिलं असतील, तर माझं मत बदलू शकतं. एका वेळी लागतं ५.२ लिटर, तेही बीएमडब्ल्यूच्या लाँगलाईफ-०४ मान्यतेचं. दहा हजारांच्या आतल्या खर्चासाठी लोक दीड लाखाची चेन झिजवतात.

चेनचा आवाज ऐकायचा तर इंजिन पूर्ण थंड हवं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी तुमच्या समोर पहिल्यांदा सुरू झाली पाहिजे. एकाला आत बसवून १५०० ते २००० आरपीएम धरायला सांगा आणि तुम्ही बॉनेटच्या मागच्या टोकाला, काचेच्या बाजूला कान द्या. डिझेलची नेहमीची टकटक पुढून येते. चेनचा आवाज मागून येतो, कोरडा, घासल्यासारखा, आरपीएमबरोबर चढणारा. तुम्ही पोचायच्या आधीच बॉनेट कोमट लागलं तर समजा, गाडी मुद्दाम गरम करून ठेवली आहे. त्या दिवशी तसेच परत फिरा.

आता मर्सिडीज. ई२५० सीडीआय मध्ये ओएम६५१ आहे आणि गंमत म्हणजे याचीही चेन मागेच आहे. पण एन४७ इतकी ती बदनाम झाली नाही. याचं दुखणं इंजेक्टर. सुरुवातीच्या गाड्यांत डेल्फी कंपनीचे पिएझो (विजेने ताणल्या जाणाऱ्या स्फटिकावर चालणारे) इंजेक्टर होते, ते इतके बिघडले की कंपनीने पुढे साधे सोलेनॉइड (विद्युतचुंबकावर चालणारे) इंजेक्टर आणले आणि बऱ्याच गाड्यांत बदलूनही दिले. २०११ ची गाडी नेमकी या उंबरठ्यावर आहे. म्हणून शोरूममधून चॅसिस नंबरवर हिस्टरी काढा आणि इंजेक्टर बदललेत का ते बघा. पिएझो असतील आणि एक गेला, तर चारही जायच्या बेतात आहेत असं धरून चाला. नवा एकेक इंजेक्टर पंचवीस-तीस हजारांच्या पुढेच जातो.

दुसरी गोष्ट कोणीही स्वतः बघू शकतं. इंजिनवरचं प्लास्टिकचं कव्हर दोन्ही हातांनी वर ओढलं की निघतं. खाली चार इंजेक्टर दिसतील. त्यांच्या बुडाशी काळा, कोळशासारखा टणक थर जमलेला असेल तर तांब्याचा वॉशर लीक आहे. जळलेला गॅस तिथून वर येतो आणि थंड इंजिनात फुस-फुस असा बारीक आवाज ऐकू येतो. वॉशर आणि बोल्ट मिळून काही शे रुपयांचं काम. पण तसंच चालवत राहिलं तर तो थर इंजेक्टरला हेडमध्ये असा जाम करतो की हायड्रॉलिक पुलर लावून उपसावा लागतो, तो निघताना मोडला तर हेड उतरवावं लागतं. मी असे इंजेक्टर पाहिलेत जे काढायलाच दोन दिवस गेले. आणि मालक म्हणतो, गाडी तर मस्त पळत होती.

तुम्ही विचारलं नाही, तरी एमएल ३५०, जीएल किंवा ई३५० च्या मागे लागलेले बडोद्यात खूप आहेत, म्हणून ओएम६४२ बद्दल दोन शब्द. तीन लिटर व्ही६ डिझेल, चालवायला या सगळ्यांत सुंदर. याचा ऑईल कूलर सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या व्हीच्या खोबणीत, टर्बो आणि मॅनिफोल्डच्या खाली बसवलाय. त्याचे दोन छोटे सील उष्णतेने कडक होतात आणि ऑईल खोबणीतून मागे वाहत जाऊन गिअरबॉक्सच्या जोडापाशी ठिबकतं. खालून बघणारा म्हणतो, क्रँकचं मागचं सील गेलं. गिअरबॉक्स उतरवतो, सील बदलतो, पैसे घेतो, आणि पंधरा दिवसांनी ऑईल पुन्हा तिथेच. सील स्वस्त, पण वरून टर्बोसकट सगळं उतरवावं लागतं, म्हणून मजुरीच मोठी. नवे सील जांभळ्या रंगाचे येतात आणि ते टिकतात. कोणी आधीच हे काम केल्याचं बिल दाखवलं तर त्या गाडीला दोन पैसे जास्त द्या.

बाकीच्यांबद्दल भराभर. २००८ च्या आधीच्या मर्सिडीज व्ही६ पेट्रोलमध्ये बॅलन्स शाफ्टचा (इंजिनाचा कंप कमी करणारा दांडा) दातेरी गिअर झिजतो, त्यासाठी इंजिन उतरतं. ऑडीचं २.० टीडीआय मला खर्चाच्या दृष्टीने सगळ्यात सोसवणारं वाटतं: टायमिंग बेल्ट पुढे आहे, वॉटर पंपासकट वेळेवर बदलला की झालं, आणि सामान स्कोडाचंही चालतं. पण त्या काळातल्या ए४ ला जोडलेला मल्टिट्रॉनिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे त्रासाची स्वतंत्र कहाणी आहे. साधारण २००८ ते २०१२ मधली १.८ आणि २.० टीएफएसआय पेट्रोल इंजिनं ऑईल पितात, कारण पिस्टनच्या ऑईल रिंगची बारीक भोकं बुजतात. डिकी उघडा, कोपऱ्यात ऑईलचा अर्धा डबा असेल तर काही विचारायची गरज नाही. लँड रोव्हरच्या ३.० डिझेलमध्ये क्रँकशाफ्ट तुटल्याच्या इतक्या घटना झाल्यात की पहिली गाडी म्हणून ती घ्यायला मी कोणालाच सांगत नाही.

आपल्या बडोद्यात एक गोष्ट या सगळ्यापेक्षा मोठी आहे, ती म्हणजे पाणी. २०१९ मध्ये ३१ जुलैला एका दिवसात वीस इंच पाऊस झाला. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी शहरात शिरली, तेव्हा समा, अकोटा, वडसर, फतेगंज भागात लोक सोसायटीत आलेल्या मगरींचे व्हिडिओ काढत होते आणि खाली बेसमेंटमध्ये गाड्या छतापर्यंत बुडलेल्या होत्या. त्या गाड्या कुठे गेल्या? काही भंगारात, काही इन्शुरन्सच्या लिलावात, तिथून दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात.

डिझेलला पाणी किती लागतं मरायला? दोन लिटरच्या चार सिलिंडर इंजिनात एका सिलिंडरला साधारण ५०० मिली जागा येते. कॉम्प्रेशन १६ ला १ असेल तर पिस्टन पूर्ण वर गेल्यावर उरते सुमारे ३३ मिली, म्हणजे जेवणाच्या मोठ्या चमच्याने दोन चमचे. एवढंच पाणी आत गेलं आणि कोणी सेल्फ मारला की पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. वाईट भाग असा की वाकलेल्या रॉडवर इंजिन चालतं. थोडं कंप पावतं, थोडं ऑईल खातं, पण महिनोनमहिने चालतं, विकलं जाईपर्यंत नक्कीच. मग एक दिवस रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

हे पकडायची खात्रीची पद्धत म्हणजे एंडोस्कोप कॅमेरा. ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू करताना तापणारा प्लग) काढून चारही सिलिंडरमध्ये कॅमेरा सोडायचा आणि भिंतीवर वरच्या टोकाला कार्बनचा काळा पट्टा बघायचा. पिस्टन जिथपर्यंत चढतो त्याच्या वर हा पट्टा राहतो. तीन सिलिंडरमध्ये बारीक आणि चौथ्यात रुंद दिसला, तर तिथला पिस्टन आता पूर्वीइतका वर जात नाही, म्हणजे रॉड आखूड झालाय, म्हणजे वाकलाय. अलीकडेच एक गाडी अशीच तपासायला आली होती, कागद चोख, आतून पॉलिश मारलेली. कॅमेऱ्यात चौथा सिलिंडर बघून मी मालकाला स्क्रीनच दाखवला. सौदा तिथेच मोडला.

कॅमेऱ्याच्या आधी मागच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला मातीची रेघ राहते. पुढच्या सीटचे रुळावरचे बोल्ट गंजलेत का, डिकीतलं कार्पेट उचलल्यावर खाली हिरवट झालेले कनेक्टर आहेत का. बीएमडब्ल्यूची बॅटरी डिकीत असते, तिच्या आसपास पाणी साचल्याच्या खुणा लपत नाहीत. आणि पुढे तुमची गाडी कधी पाण्यात सापडली तर सेल्फ मारू नका, टो करून आणा. साध्या पॉलिसीत अशा रीतीने गेलेलं इंजिन बसत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं, आणि इतक्या जुन्या गाडीला ते मिळेलच असं नाही. घेण्याआधी एजंटला विचारून घ्या.

दिल्लीहून आलेल्या स्वस्त गाड्यांची गोष्ट वेगळी. तिथे २०१५ च्या हरित लवादाच्या आदेशापासून दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर गदा आली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. पुढे त्यात बदल होत राहिले, पण मधल्या काळात चांगल्या गाड्याही मातीमोल भावाने बाहेर पडल्या. त्या घ्यायला हरकत नाही. फक्त एनओसी, इथला टॅक्स आणि बडोद्याचा जीजे०६ नंबर यांचा खर्च किमतीत धरा.

कूलिंगकडे आपल्या उन्हाळ्यात लक्ष द्याच. मे महिन्यात ४२-४४ डिग्रीत ट्रॅफिकमध्ये एसी लावून उभ्या गाडीची कूलंटची बाटली, थर्मोस्टॅटचं घर, पाईपांचे प्लास्टिकचे जोड दहा-बारा वर्षांनी बिस्किटासारखे तुटतात. बऱ्याच नव्या बीएमडब्ल्यूत टेम्परेचरचा काटाच नाही, थेट लाल दिवा लागतो, आणि तो लागल्यावर पुढच्या सिग्नलपर्यंत नेऊ म्हणणाऱ्याचं ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. कूलंटच्या बाटलीचं झाकण थंड असताना उघडा. आत पांढरा खर दिसला तर कोणीतरी बोअरचं पाणी भरत आलंय.

खर्चाचं माझं गणित असं. गाडीच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाएवढी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. ई२५० ला म्हणजे एक लाख नव्वद हजार. त्यात घेतल्या घेतल्या सगळी ऑईल, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑईल, बेल्ट, पुढचे बुश आणि कंट्रोल आर्म, गिअरबॉक्सचं ऑईल. गिअरबॉक्सचं ऑईल आयुष्यभर चालतं म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. बीएमडब्ल्यूचा गिअरबॉक्स ज्या झेडएफने बनवलाय तीच कंपनी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ऑईल बदलायला सांगते. पुढे दहा-बारा हजार किलोमीटर चालवणाऱ्याला वर्षाला ऐंशी हजार ते सव्वा लाख, टायर आणि इन्शुरन्स सोडून. हा सरासरीचा आकडा आहे. एखादं वर्ष तीस हजारांत जाईल आणि पुढच्या वर्षी एकदम दोन लाख लागतील. तो दोन लाखांचा धक्का कर्ज न काढता सोसणार असाल तरच या वाटेला जा. नसेल जमत तर तेवढ्याच पैशांत जुनी टोयोटा कॅमरी घ्या, तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं मी खोडून काढणार नाही.

घेतली आणि तिच्यात डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल, तर पंधरा दिवसांतून एकदा अहमदाबाद एक्सप्रेसवेला न्या. ९३ किलोमीटर एकसारखा वेग मिळतो आणि फिल्टरमधली काजळी जळून जाते. आधीच्या मालकाने डीपीएफ कापून टाकलाय का तेही खालून बघा.

शोरूम की बाहेर? हिस्टरी काढायला, रिकॉलचं काम करून घ्यायला आणि किल्ली किंवा कोडिंगसाठी शोरूम. बाकी सर्व्हिस, सस्पेन्शन, कूलिंग बाहेर, कारण बॉश, माले, लेमफर्डर या सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांचा तोच भाग कंपनीच्या शिक्क्याशिवाय बराच कमी भावात मिळतो. दिल्लीच्या काश्मिरी गेट किंवा मुंबईच्या कुर्ल्याहून सेकंड हँड इंजिन मागवायची वेळ आलीच तर बिल आणि इंजिन नंबर आरटीओत आरसीवर चढवायला विसरू नका. आणि चेनचं काम देण्याआधी गॅरेजवाल्याला त्या इंजिनाचं टायमिंग लॉक करायचं टूल किट दाखवायला सांगा. पांढऱ्या पेंटने खुणा करून चेन बसवतो म्हणाला, तर किल्ली परत घेऊन निघा.